माथेरान : पॉइंट मोजू नका, कडा धरा

माथेरानमध्ये पॉइंट नक्की किती, हे दोन घोडेवाल्यांना विचारलं तर दोन आकडे मिळतात. त्या वादात पडू नये. पॉइंट म्हणजे एकाच पठाराच्या कडेला पुढे आलेली टोकं. बहुतेक लोक ती ‘करतात’ कशी, तर बाजारपेठेतून निघायचं, एक टोक बघायचं, परत बाजारात येऊन चहा घ्यायचा, मग दुसऱ्या टोकाकडे. यात निम्मा वेळ त्याच लाल धुळीच्या रस्त्यावर जातो आणि दोन टोकांच्या मधलं रान राहूनच जातं. माथेरानात चालायला सगळ्यात चांगल्या वाटा नेमक्या त्या रानात आहेत. म्हणून पुढे जे लिहिलंय ते पॉइंटांच्या यादीप्रमाणे नाही, कडेकडेने कसं चालायचं त्या हिशोबाने आहे.

आधी डोंगर समजून घ्यावा. माथेरान सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेलं आहे, उत्तर-दक्षिण पसरलेलं, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच. पूर्वेला उल्हास नदीचं खोरं आणि नेरळ-कर्जतची सपाटी, पश्चिमेला पनवेलची बाजू. माथ्यावर जांभ्याचा थर आणि त्याखाली काळ्या कातळाचे उभे टप्पे. इथल्या वाटांचा स्वभाव आणि इथला धोका, दोन्ही या जांभ्यातून येतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाऊस थांबला की सपाटीवरची वाट बऱ्यापैकी लवकर निथळते. मात्र त्याच्या बुडाशी मऊ, चिकण मातीचा थर असतो. पाणी आधी तो थर पोखरतं आणि वरची कड अधांतरी राहते. वर उभं राहून खालची पोकळी दिसत नाही. म्हणून जिथे कठडा आहे तिथे कठड्याच्या आत, आणि जिथे नाही तिथे कडेपासून निदान एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर ठेवून उभं राहावं. गवताने झाकलेली कड तर नकोच. गवत नेमकं कुठे संपतं आणि दगड कुठे संपतो, ते पावसाळ्यात वरून कळत नाही.

कोरड्या दिवसांत अडचण वेगळी. जांभ्याचे बारीक, गोल, लोखंडी रंगाचे खडे सुटून वाटेवर पसरतात, आणि उतारावर वाटाण्यांवर पाय पडल्यासारखा पाय सटकतो. डिसेंबर ते मे या काळात माथेरानात पडणारे बहुतेक लोक कड्यावर पडत नाहीत, साध्या उतरत्या वाटेवर या खड्यांवरून घसरून आपटतात. तळ सपाट झालेले जुने स्पोर्ट्‌स शूज घालू नयेत. खोल खाचांचा, थोडा मऊ रबराचा तळ हवा. उतरताना टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल टेकवायचं, पावलं आखूड टाकायची, आणि कडेच्या पालापाचोळ्यातून चालणं टाळायचं. वाळलेल्या पाचोळ्यावरूनही पाय सटकतो, आणि त्याखालचे खडे दिसत नाहीत.

पोचणं

लोकलने नेरळ. नेरळ स्टेशनबाहेरून दस्तुरी नाक्यापर्यंत शेअर टॅक्सी मिळते. घाट चांगलाच उभा आहे. आडव्या वळणांनी ज्यांना मळमळतं त्यांनी पुढची सीट मागून घ्यावी. दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी. भारत सरकारने २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, पण गाड्यांना मनाई त्याच्या कितीतरी आधीपासूनची. नाक्यावर माणशी प्रवेशकर भरावा लागतो, तेवढी सुट्टी रोकड जवळ ठेवा.

दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, सामान हलकं असेल तर पाऊण तास. रस्त्याच्या बऱ्याच भागात आता मातीचे पेव्हर ब्लॉक आहेत, ई-रिक्षाही चालतात. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून बाजारपेठेपर्यंत छोट्या रेल्वेगाडीची शटल असते. दोन फुटी रुळांची ही लाइन १९०७ साली सुरू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटातला भाग बंद ठेवतात, शटल मात्र साधारणपणे चालू असते. पायी जायचं असेल तर बरेच लोक चढउतार नको म्हणून रुळांच्या कडेने जातात. ती वाट खरोखर सोपी आणि सावलीची आहे. फक्त कानात इअरफोन नकोत. वळणावर शटल बरीच जवळ येईपर्यंत दिसत नाही.

दक्षिणेचा फेरा

माथेरानात एकच दिवस असेल तर हा फेरा करावा, बाकी सगळं सोडलं तरी चालेल. बाजारपेठेतून पूर्वेच्या कडेला अलेक्झांडर पॉइंट, तिथून कडेने दक्षिणेला रामबाग, मग लिटल चौक, दक्षिण टोकाचा चौक पॉइंट, तिथून वळून पश्चिमेच्या कडेने उत्तरेकडे वन ट्री हिल, पुढे शार्लोट तलाव आणि परत बाजारपेठ. थांबत, खात, बघत चार ते पाच तास.

सकाळी सातच्या आसपास निघावं आणि याच दिशेने फिरावं. याला तीन कारणं आहेत. एक, चौकच्या बाजूचा भाग उघडा आहे, तिथे अकराच्या पुढे ऊन खायला उठतं. दोन, नऊ-दहाच्या सुमाराला पश्चिमेच्या कडेवर पोचलात की ऊन तुमच्या पाठीवर आणि समोरच्या प्रबळगडाच्या अंगावर असतं, त्याच्या घळी-सुळके एकेक मोजता येतात. संध्याकाळी त्याच जागेवरून प्रबळगडाची फक्त काळी कड दिसते. तिसरं कारण धुक्यातलं. या दिशेने चाललं तर कडा पूर्ण फेरीभर डाव्या हाताला राहतो. दहा पावलांपलीकडचं दिसेनासं झालं तरी एवढं एक ध्यानात ठेवलं की पुरतं. दरी उजव्या हाताला आली, तर तुम्ही एखाद्या सोंडेवर शिरून उलटे फिरलेले आहात. जिथून शिरलात तिथवर परत या, रानातून तिरकं कापू नका.

अलेक्झांडरपर्यंतची वाट रुंद आहे, चुकण्यासारखं काही नाही. समोर दरीपलीकडे गार्बटची लांब सोंड दिसते. रामबागच्या अलीकडे-पलीकडे मात्र रान दाट होतं आणि वाटा फुटतात. इथे घोड्याची लीद बघायची. माथेरानात घोड्यांच्या वाटा पॉइंटांना जातात, हे निश्चित. लीद नसलेली, पण रुंद आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची बुटकी भिंत, असलेली वाट दिसली तर ती बहुधा एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन संपते. लीदही नाही आणि गडगाही नाही अशी अरुंद वाट एक तर लाकूडफाट्यासाठी पडलेली असते, नाहीतर खालच्या वाडीत उतरणारी. अर्धा तास मोडून परत यायचं नसेल तर तिच्या नादी लागू नये.

या रानात वर बघण्याइतकंच बाजूला बघण्यासारखं आहे. जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी ही इथली नेहमीची झाडं. अंजनी फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. निळी-जांभळी बारीक फुलं पानांच्या बगलेत आणि उघड्या फांदीच्या सालीला चिकटून झुबक्यांनी येतात, लांबून फांदीला रंग फासल्यासारखा वाटतो. शेकरू बघायचा असेल तर सकाळी आठच्या आत, आणि डोळ्यांपेक्षा कानाने शोधायचा. खडखड असा तुटक आवाज आला की उभं राहून शेंड्याकडे बघावं, चालत्या माणसाला तो सहसा दिसत नाही. उतारांवर कारवी आहे. ती आठ वर्षांनी फुलते, २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली, म्हणजे आता २०३२. फुलून गेलेली कारवी वाळते आणि उभीच राहते. दिसायला भक्कम काठी वाटते, उतरताना आधाराला धरली की सरळ हातात येते.

चौक पॉइंटवरून दक्षिणेला मोरबे धरणाचं पाणी, इर्शाळगडाचा सुळका आणि हवा स्वच्छ असेल तर खंडाळ्याच्या बाजूची नागफणी दिसते. इथे बसून खाऊन घ्यावं, कारण पुढचा टप्पा चढउताराचा आहे.

वन ट्री हिल म्हणजे मुख्य पठारापासून एका खिंडीने तुटलेली टेकडी. समोरच्या पॉइंटवरून बघायची आणि पुढे निघायचं. पलीकडे जाणारी वाट निसरडी आणि अरुंद आहे, दोन्ही अंगांना खोल आहे, आणि पलीकडून असं काही वेगळं दिसत नाही की त्यासाठी हे करावं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकहून याच बाजूच्या घळीतून वर आले आणि रामबागच्या बाजूने उतरले. माथेरानची वस्ती त्यानंतरची. हे वाचून ज्यांना त्याच घळीने उतरायचा मोह होतो त्यांनी महिना बघावा. मॅलेट आले ते मे महिन्यात, ओढा कोरडा असताना.

वन ट्री हिलकडून तलावाकडे येताना बेल्व्हेडियर, लॉर्ड्‌स ही टोकं लागतात. वेळ कमी असेल तर यातलं एक पुरे, दृश्य थोड्याफार फरकाने तेच. शार्लोट तलाव हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. त्यात उतरायला बंदी आहे आणि ती पाळावी. पाणी वरून शांत दिसलं तरी काठ गाळाचा आणि एकदम खोल होणारा आहे. काठाशी पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत.

दुपारनंतर पश्चिमेची कड

जेवून तीनच्या सुमाराला निघालात तर शार्लोट तलावापासून इको, लँडस्केप, लुइझा असं कडेने जाऊन सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन, म्हणजे सगळे ज्याला सनसेट पॉइंट म्हणतात तिथे पोचता येतं. लुइझा मला या सगळ्यांत उजवा वाटतो. टोक लांब बाहेर गेलेलं असल्यामुळे दोन्ही अंगांचे कडे एकाच वेळी दिसतात, आणि माथेरान कसं घडलंय ते इथे उभं राहिल्यावर एका नजरेत समजतं. इकोवर ओरडणाऱ्यांची रांग असते. तिथून लवकर निघावं.

सूर्यास्ताची वेळ गृहीत धरू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, जूनमध्ये सव्वासात होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उघड्या कडेवर अर्धा तास उजेड रेंगाळतो, पण पाठ वळवून रानात शिरलं की दहा मिनिटांत पायाखालचं दिसत नाही. इथल्या झाडांचं छत एकमेकांत गुंतलेलं आहे. बाजारपेठेपर्यंत पाऊण ते एक तास लागतो. मोबाइलचा दिवा धरून चालता येतं, पण मग एक हात अडकतो आणि नकाशा बघायचा तर दिवा वर करावा लागतो. कपाळावर बांधायची टॉर्च घ्यावी. याच वेळेला पॉइंटवरून परतणारे घोडे वेगात येतात. टापांचा आवाज आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभं राहायचं, दरीकडच्या नाही. घोडा बिचकला तर तो तुम्हाला ज्या बाजूला ढकलेल ती बाजू कोणती हवी, एवढाच हिशोब.

उत्तर टोक आणि गार्बट

सूर्योदयासाठी पॅनोरमा पॉइंटचं नाव घेतलं जातं आणि ते योग्य आहे, पण बाजारपेठेत मुक्काम करून तिथे जायचं म्हणजे अंधारात दीड-दोन तास चाल. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तेव्हा पाचला निघून जमतं. मे-जूनमध्ये तो सहालाच वर असतो. त्या दिवसांत एक तर दस्तुरीच्या बाजूला मुक्काम करा, नाहीतर पॅनोरमा सूर्योदयासाठी सोडून परतीच्या दिवशी सामान दस्तुरीला ठेवून करा. सकाळी नऊपर्यंतही तिथलं दृश्य वाया जात नाही. उत्तरेला पेब ऊर्फ विकटगड, नाखिंड, चंदेरी अशी रांग ओळीने दिसते, पूर्वेला नेरळची भातखाचरं आणि उल्हास नदी. परत येताना हार्ट आणि मंकी पॉइंट जोडून घेता येतात. पेबला जाणारे दस्तुरीकडून रुळांच्या कडेने कड्याच्या गणपतीकडे जाऊन पुढे लोखंडी शिड्यांनी जातात, पण ते वेगळ्या तयारीचं काम आहे, या फिरण्यात ते मिसळू नये.

गार्बट पॉइंटला घोडेवाले फारसे जात नाहीत, म्हणून पर्यटकही नाहीत. दस्तुरीकडून तासाभराची चाल, सुरुवातीला रान आणि मग उघडं गवताळ पठार. सप्टेंबरअखेर इथे गवत कमरेला लागतं आणि त्यात रानफुलं असतात. पूर्वेची सगळी रांग इथून वाचता येते. डावीकडून सुरुवात केली तर सिद्धगड, मग भीमाशंकरची सपाट माथ्याची भिंत, तिच्या अलीकडे पेठचा किल्ला, ज्याला कोथळीगडही म्हणतात. त्याचं वरचं टोक उपड्या नरसाळ्यासारखं आहे, त्यामुळे तो आधी सापडतो आणि त्यावरून बाकीचे लावता येतात. आणखी उजवीकडे ढाक आणि राजमाची. पठारावर सावली आणि पाणी दोन्ही नाही. माणशी दोन लिटर पाणी दस्तुरीतूनच घ्यावं.

धबधबे

पावसाळ्यात माथेरानला जाणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते : एवढा पाऊस, आणि धबधबा कुठे दिसलाच नाही. दिसणार कसा? पाणी पठारावरून कड्याखाली पडतं आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे असता. धबधबा बघायचा तर त्याच्या शेजारच्या सोंडेवर जाऊन मागे वळून बघावं लागतं. शार्लोट तलाव भरला की बंधाऱ्यावरून पाणी सुटतं आणि पुढे कड्यावरून झेप घेतं. बंधाऱ्यापाशी उभं राहून ते फक्त वाहताना दिसतं. त्याची उंची बघायची तर कडेने पुढच्या टोकावर जायला हवं. हीच युक्ती पूर्वेच्या कडेलाही लागू आहे. अलेक्झांडर आणि रामबागमधल्या घळीत पडणारं पाणी त्या दोन टोकांवरूनच दिसतं, मधल्या वाटेवरून नुसता आवाज येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडत असला तरी पठार लहान आहे. पाणी साठवून हळूहळू सोडायला मागे मोठं खोरं नाही. त्यामुळे जोरदार सर आली की अर्ध्या तासात धबधबे फुगतात आणि दोन दिवस उघाड पडली की त्यांच्या दोऱ्या होतात. सलग दोन दिवस झोडपून तिसऱ्या दिवशी सकाळी ढग उचलले, तर तो दिवस साधावा. जुलैच्या मध्यात पॉइंटवरून दृश्य बघायची अपेक्षाच धरू नये. पांढऱ्या भिंतीसमोर तासभर बसूनही ती हटत नाही. त्या दिवसांत रानातून चालावं. दृश्य आणि पाणी दोन्ही हवं असेल तर गणपतीनंतरचे दिवस ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. धबधबे बारीक झालेले असतात, पण हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान, मात्र पनवेल-कल्याणच्या बाजूला धुरकट थर बसलेला असतो, पश्चिमेचं फारसं दिसत नाही.

पश्चिमेच्या कड्यावर जोराचा वारा असताना पडणारं पाणी उलटं वर उडतं. नैऋत्येचा वारा कड्यावर आपटून सरळ वर चढतो आणि बारीक धार उचलून पुन्हा पठारावर फेकतो. बघायला गंमत आहे, पण त्याच वाऱ्यात छत्री उलटी होते आणि ती सावरायला माणूस नकळत दोन पावलं पुढे जातो. रानात छत्री चालते, किंबहुना पोंचोपेक्षा बरी, कारण आत घाम साचत नाही. कडेवर मात्र ती मिटून ठेवायची. तिथे पोंचोही वाऱ्याने तोंडावर येतो, म्हणून कमरेला दोरी बांधावी.

घाटात जुम्मापट्टीच्या आसपास रस्त्यालगतच धबधबे आहेत आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गर्दीपेक्षा वरून येणाऱ्या दगडांची काळजी करावी. फुगलेलं पाणी दगड सोबत आणतं आणि धबधब्याच्या आवाजात ते कळत नाही. स्वच्छ पाणी अचानक गढूळ लाल झालं, किंवा पाण्यातून पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या, की वर जोराचा पाऊस झालाय असं समजून लगेच बाहेर पडायचं. कर्जत तालुक्यातल्या धबधब्यांवर प्रशासन पावसाळ्यात अधूनमधून बंदी घालतं, निघण्याआधी त्याची चौकशी करावी.

पावसाळ्यात फांद्यांना हात लावताना बघून लावावा. हिरवा चापडा हा विषारी साप वाटेच्या कडेच्या झुडपांवर, नेमका हाताच्या उंचीवर, वेटोळं करून बसलेला असतो, आणि तो जवळ गेलं तरी हलत नाही. चावला तर जीव सहसा जात नाही, पण हात चांगलाच सुजतो आणि रुग्णालय गाठावंच लागतं. आवळपट्टी बांधणं, चिरा देणं हे उद्योग करू नयेत. हात स्थिर ठेवून खाली न्यायचं.

माकडांबद्दल सगळेच सांगतात, तरी रोज कोणाची तरी पिशवी जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज हा त्यांना बोलावण्याचा आवाज आहे. खाऊ कापडी पिशवीत, ती सॅकच्या आत, सॅकची चेन बंद. हातातून काही ओढलं तर सोडून द्यायचं. ओढाताणीत बोचकारे बसतात, आणि मग रेबीजच्या इंजेक्शनांसाठी खाली उतरावं लागतं.

पायी चढणं-उतरणं

टॅक्सी टाळून पायी यायच्या वाटा बऱ्याच आहेत. नवख्याने निवडायची असेल तर भिवपुरी रोड स्टेशनहून डिकसळ, सागाचीवाडी करत गार्बट. चढ साडेतीन-चार तासांचा, पण टप्प्याटप्प्याने आहे आणि मधे वस्ती आहे. लोक चुकतात ते सागाचीवाडीच्या वर. तिथे गुरांच्या वाटा आडव्या जातात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. पंधरा मिनिटं चालूनही उंची वाढत नसेल तर तुम्ही गुरांच्या वाटेवर आहात. वाडीतून कोणाला सोबत घेतलं, ठरलेले पैसे दिले, तर हा प्रश्नच येत नाही, आणि पावसाळ्यात तसंच करावं.

रामबागची वाट बोरगावच्या बाजूला उतरते. वाडीतले लोक रोज ये-जा करतात, त्यामुळे ती मळलेली आहे. गुडघे दुखत असतील तर ती चढायला घ्या, उतरायला नको. वन ट्री हिलकडून आंबेवाडीला उतरणारी, लोक जिला शिवाजीची शिडी म्हणतात ती वाट घळीतून जाते. जून ते सप्टेंबर ती वाट म्हणजे ओढाच असतो आणि वरून दगड सुटतात. त्या महिन्यांत तिचं नावही काढू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच टापूत, इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्याआधी सलग काही दिवस मुसळधार पाऊस होता. उतार पाण्याने तृप्त झाले की पाऊस थांबल्यावरही दरड येऊ शकते, म्हणून ‘आज उघडलंय’ एवढ्यावर घळीच्या वाटा धरायच्या नाहीत. अतिवृष्टीनंतर निदान दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्यावेत.

सनसेट पॉइंटहून धोधाणीला उतरणारी वाट पनवेल, नवी मुंबईच्या लोकांना सोयीची. वरचा टप्पा उभा, पुढे रानातून सरळ. सूर्यास्त बघून उतरायला सुरुवात करणं हा तिथला नेहमीचा घोटाळा. वरच्या टप्प्यातच अंधार होतो आणि खाली वाटेला फाटे आहेत. दुपारी दोनच्या आत उतरायला लागावं. धोधाणीहून पनवेलकडे येणाऱ्या बस मोजक्याच आहेत. शेवटची कितीला सुटते ते आदल्या दिवशी पनवेलमध्ये विचारून ठेवा आणि उतरायची वेळ त्यावरून मागे मोजा.